टोकणाऱ्यांचा वंश

सागाखाली अंगण असलेल्या बाईला विचारा, झाडून कधी संपतं का? पाठ फिरली की सुपाएवढं दुसरं पान पडतंच. आमच्या ओसरीवरच्या किश्श्यांचं तसंच झालं. मी काही ते जमवायला बसले नव्हते. मी फक्त चहा करत होते! पण आलापल्लीच्या बाजूच्या रानातलं एक गाव, तिथं नोकरीपायी येऊन पडलेली चार शिकलेली माणसं, आणि रोजची संध्याकाळ. सिनेमा चांद्याला, अन् चांदा कुठल्या कुठं. मग करमणूक काय? एकमेकांच्या चुका काढणं!

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. आमचे हे ढोरांचे डॉक्टर. मी शाळेत मुलींना शिकवायची, म्हणजे टोकण्याचा पगार घ्यायची. बाकीचे हे काम फुकट करत, आणि माझ्यापेक्षा जास्त मनापासून करत.

* * *

आमचे पोस्टमास्तर घाटे. या माणसाला दुसऱ्याचं काहीही बरोबर दिसत नसे. तुम्ही चप्पल काढलीत तरी सांगायचे, "आधी डावी काढावी."

एकदा मार्कंड्याच्या जत्रेला आम्ही सगळे मिळून गेलो. पलीकडच्या काठावर एकाकडे जेवणाचं आमंत्रण होतं, म्हणून वैनगंगा ओलांडायला डोंग्यात बसलो. डोंगा काठापासून जरा सरकला नाही तोच हलला. मागं बसलेला एक शेतकरी पाय मोकळे करायला उभा राहिला होता.

"अहो, खाली बसा! डोंग्यात उभं राहू नये!" असं ओरडत घाटे उभे राहिले.

घाट्यांना बसवायला दुसरा कोणी उभा राहिला. त्या दोघांना समजावायला आमचे डॉक्टर उभे राहिले. मग काय, प्रत्येकजण उभा राहून दुसऱ्याला "बसा, बसा" सांगतोय! मी तेवढी बसले होते, आणि बसल्या बसल्याच पाण्यात गेले.

बरं, पाणी गुडघाभर होतं म्हणून सगळे वाचले. ओल्या लुगड्यानं उठून बघते तर घाटे पाण्यात ताठ उभे, एक बोट वर.

"सांगत होतो की नाही, बसा म्हणून?"

डोंगेवाला पालथा डोंगा धरून म्हणाला, "साऱ्याईले बसा सांगाले सारेच उभे झाले जी. आता मी कोनाले सांगू?"

* * *

त्या दिवशी कपडे वाळत घालून आम्ही काठावर बसलो, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांची थिअरी काढली. माणूस दुसऱ्याला का शिकवतो, का टोकतो, तर म्हणे उत्क्रांती!

"वानराचं पोर मायकडं पाहून शिकतं," हे म्हणाले, "पण ते चुकलं तर माय 'असं नाही, असं' म्हणत नाही. मांजर पिल्लापुढं अर्धमेला उंदीर टाकते, पण पंजा धरून दाखवत नाही. हे एकटा माणूसच करतो. कारण माणसाच्या कितीतरी गोष्टी नुसत्या पाहून कळतच नाहीत. कोणीतरी सांगावंच लागतं. ज्यांच्या शेजाऱ्यांनी तोंड उघडलं नाही ते मेले, त्यांचा वंश बुडाला. आपण सगळे टोकणाऱ्यांचे वंशज!"

"ते तर दिसतंच आहे," मी पदर पिळत म्हटलं.

"आणि दुसरं, एका डोंग्यात बसलं की दुसऱ्याची चूक आपल्याही जिवावर येते. म्हणून माणूस गप्प बसू शकत नाही."

"आणि चप्पल आधी डावी काढावी, ती कोणाच्या जिवावर येते?"

यांनी ओल्या बाहीचं पाणी झटकलं. मग म्हणाले, "तो पिसारा आहे. मोर पिसारा फुलवतो, माणूस दुसऱ्याची चूक काढतो. भाव वाढतो त्यानं."

खरं असेल बापा. पण पिसारा फुलवलेला मोर मागून कसा दिसतो, हे मोराला कोणी सांगत नाही एवढंच!

* * *

आता थिअरीच्या बाजूनं एक किस्सा सांगते, नाहीतर म्हणाल बाई नवऱ्यावर उठल्या आहेत.

शेजारी जंगलखात्याच्या नाकेदाराची बायको राहायची, जनाबाई. मी गावात नवीन होते तेव्हाची गोष्ट. बाजारात एका बाईकडं कांद दिसले, रताळ्यासारखे. सगळे घेत होते, मीही घेतले. दुपारी उकडले, सोलले, आणि पहिला तुकडा तोंडाशी नेला, तोच जनाबाईनं दारातून धावत येऊन माझ्या हातावर अशी चापट मारली की तुकडा चुलीत!

"मराचं हाये का डाक्टरीनबाई? कडूकांद हाये थो! कापून, राखेत उकडून, वाहत्या पान्यात ठेवा लागते. काऊन खाऊन राह्यल्या तसाच?"

मी त्या बाजारातल्या बायांना तेच कांद खाताना स्वतः पाहिलं होतं. पण त्याआधी त्यांनी काय काय केलं, ते मला कुठून दिसणार? जीव वाचला माझा. मी तिच्या गळ्यात पडून रडले.

चूक तिथं झाली. जीव वाचवण्याचा मान मिळाला, आणि जनाबाईला माझ्या संसाराचा मुखत्यारनामाच मिळाल्यासारखं झालं! माझी पोळी वाकडी, माझं लुगडं ओढूनताणून नेसलेलं, माझा झाडू उलटा. मी दळायला बसले तरी ही उंबऱ्यात. एक दिवस न राहवून मी म्हटलं, "जनाबाई, यानं मी मरणार नाही ना?"

"मरान नाई," ती शांतपणे म्हणाली, "पन दिसते वाईट."

* * *

चामोर्शीकडं जपानी भातशेतीची मोहीम निघाली होती, तेव्हाची गोष्ट. तिकडचे ग्रामसेवक भांडेकर डॉक्टरांचे मित्र. पंधरवड्याचं ट्रेनिंग घेऊन आले होते. ताजं शिकलेलं माणूस फार वाईट! जुन्या मास्तराला निदान कंटाळा तरी आलेला असतो.

रोवणा चालू होता. बाया चिखलात वाकून रोपं लावताहेत, आणि भांडेकर बांधावर छत्री घेऊन. दोरी लावून सरळ ओळीत रोवायचं, ही नवी पद्धत. भांडेकर बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत फिरत होते. "ओळ! अवो बाई, ओळ चुकली! तुझी बी चुकली!"

शेवटी एक बाई कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. "भाऊ, दोरीचं ते टोक कुठी बांधलं हाये?"

भांडेकरांनी पाहिलं. त्यांनी ते स्वतःच्या छत्रीच्या दांडीला बांधलं होतं!

"रोपं दोरीच्या मांगं, दोरी तुमच्या मांगं," ती बाई म्हणाली. "तुमी जरासे उभे राहा, मंग ओळ होते."

सगळ्या बाया हसून हसून चिखलात बसल्या. तुम्ही म्हणाल, झालं, बाईची जीत झाली. कसली जीत! दुसऱ्या दिवशी तीच बाई स्वतः दोरी घेऊन जावेच्या बांधीत, म्हणजे तिच्या भाताच्या वाफ्यात, उभी. "ओळ! ओळ चुकली तुई!" दोघींचा दिवाळीपर्यंत अबोला. भात मात्र झकास पिकलं. भांडेकर म्हणत ओळीमुळं. मी म्हणते अबोल्यामुळं, कारण दोघी आपापल्या बांधीत खाली मान घालून राबल्या.

* * *

आता थिअरीवाल्यांचीच गंमत. एका घरी गाय अडली होती. वासरू आडवं आलेलं. डॉक्टर धावले, आणि मीही गेले, कारण कंदील धरायला तिथं कोणी शांत उभं राहील याची यांना खात्री नव्हती. गोठा अंधारा, आणि सारा मोहल्ला आत.

"डाक्टरसायेब, पाय धरा पाय!"

"पाय नाई, मुंडकं पाहा आधी!"

"शेपूट वर करा जी!"

हे कोपरापर्यंत हात घालून घामाघूम. शेवटी असे कडाडले की गायही दचकली. "एकानं तोंड उघडलं तर मी निघून जाईन! जे होईल ते होवो, कोणी काही बोलायचं नाही!"

बाप्पा! असं चिडीचूप झालं की गाईचा श्वास ऐकू यावा. यांनी वासरू फिरवलं, ओढलं, आणि बाहेर काढलं. जिवंत! घरधनीण रडायला लागली. हे हात धुऊन विजयी मुद्रेनं खुंटीकडं वळले. खुंटीला यांची सोला टोपी टांगली होती, भेंडाची, साहेबी, आवडीची. खुंटीवर आता फक्त पट्टा होता. शेजारची म्हैस शेवटचा घास गिळत होती.

"कोणी पाहिलं नाही?" हे ओरडले.

"साऱ्याईनं पाह्यलं जी," म्हातारा मालक हात जोडून म्हणाला. "पन तुमीच बोलू नोका म्हटलं."

* * *

उरले साठे मास्तर. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुण्याकडून हे हेडमास्तर होऊन आमच्या शाळेत आले. घाटे चपला सुधारत, साठे जिभा सुधारत. 'मले' म्हटलं की यांना ठसका लागे. घरी बिचाऱ्यांची उपासमार व्हायची, कारण साठेकाकूंची भाषा धुतल्या तांदळासारखी. टोकायला तिथं काही मिळत नसे, म्हणून सगळी भूक शाळेत भागवत.

मोहफुलांच्या दिवसांत गावचा कोतवाल धापा टाकत वर्गाच्या खिडकीशी आला. "गुरुजी, अस्वल येऊन राह्यलं!"

"'येऊन राह्यलं' नव्हे," साठे म्हणाले. "'येत आहे'. म्हण."

कोतवालानं एकदा मागं पाहिलं. "आता तर 'आलं' म्हना लागते, गुरुजी!" आणि खिडकीतून आत उडी!

दारं लावली, मुलं बाकांवर चढली. अस्वल मोहाखाली पोटभर चरून निघून गेलं. मग कपाटाच्या माथ्यावरून साठे मास्तरांचा आवाज आला.

"'आलं' बरोबर आहे."

* * *

त्याच मास्तरांचा दुसरा किस्सा. हा मी हसत सांगायला लागते, पण हसू टिकत नाही.

थंडीचे दिवस. रानातल्या एका लहान शाळेचं इन्स्पेक्शन करायला मास्तर पायी गेले, ते संध्याकाळी परतले नाहीत. वाटलं, तिथंच मुक्काम केला असेल. सकाळी त्या गावचा माणूस आला. मास्तर तिथून कालच निघाले होते! त्याच बाजूला आठवडाभरापूर्वी वाघानं गाय मारली होती.

सगळं गाव ढोल घेऊन निघालं. साठेकाकू कोणाचं ऐकेनात, त्याही निघाल्या. त्यांच्यासोबत मी. पुढं माणसं पांगून हाका मारत होती. "गुरुजी! ओ साठे गुरुजी!" ढोल वाजे, मग थांबून सगळे कान देत. काही नाही. दुपार कलली. मास्तर ओढ्याच्या घळीत घसरले होते, पाय मोडला होता आणि तापानं ग्लानी आली होती, हे आम्हाला नंतर कळलं. नंतर ते म्हणाले, हाका ऐकू येत होत्या, पण त्या कोणाला मारताहेत ते उमगत नव्हतं.

नाकेदार डॉक्टरांच्या कानाशी लागला, की आता अंधाराआधी परतावं लागेल. काकूंनी ते ऐकलं. त्यांनी हात वर करून ढोल थांबवला. सगळ्यांना गप्प केलं. मग बांबूच्या बेटाकडं तोंड करून, त्या पुण्याच्या बाईनं, जिच्या तोंडून मी कधी एक अक्षर वेडंवाकडं ऐकलं नव्हतं, छाती फुटेल अशा आवाजात हाक मारली.

"अहो! तुमी कुठी हाव जी? मले लय भेव लागून राह्यलं!"

रान तसंच उभं. कोणी हललं नाही. काकूंनी पुन्हा ओरडून म्हटलं, "मले भेव लागून राह्यलं!"

आणि खालून, घळीतून, एक बारीक, कोरडा आवाज आला.

"'मले' नव्हे... 'मला'."

माणसं तिकडं धावली. काकू मात्र जिथं होत्या तिथंच खाली बसल्या, दोन्ही हात पानांवर टेकून.

"मला," त्या म्हणाल्या. "मला. मला."