भामरागडचे आठ दिवस

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. तिचं लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि नवरा तापानं गेला तेव्हा सतरा. मूल गावाकडच्या सासरहून बाबा तिला घेऊन आले, तेव्हा मी ओसरीत गोटे खेळत बसले होते. अंगावर बिनकाठाचं पांढरं लुगडं, हातात काही नाही, कपाळ मोकळं. मी तिला ओळखलंच नाही. मी नऊ वर्षांची होते. ही कोण पाहुणी आली म्हणून आत मायला सांगायला पळाले.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बाबा गोंडपिपरीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होते. शाळा आमच्या गावाहून चार मैलांवर, आणि ते रोज पायी जात-येत. एक जुनी सायकल घ्यायची म्हणून तीन वर्षं ते पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होते. मायच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, एका फडक्यात ते बांधून ठेवलेले असत.

आमच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावत नसत. शेजारपाजारच्या जातींत लावत, आमच्यात नाही. त्यामुळे बाईचं पुढं काय, हा प्रश्न घरात कुणी काढतच नव्हतं. ती सकाळी उठायची, धान कांडायची, पाणी भरायची, स्वयंपाक करायची. कुणी हळदीकुंकवाला आलं की मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसायची. तिला कुणी जा म्हणत नसे. तिची तीच जायची.

सुट्टीत कुठं जाणं म्हणजे आमच्याकडं जत्रेला जाणं. शिवरात्रीला मार्कंड्याला बैलांच्या बंड्या निघत. परत आल्यावर कुणी किती दिवस मुक्काम केला, कुणी काय काय घेतलं, कुणाचा किती खर्च झाला, याच्याच गोष्टी होळीपर्यंत चालत. त्या वर्षी आम्हीही गेलो. बाई म्हणाली, मी नाई येत, गाई-वासराले कोण पाहीन. तिला कुणी आग्रह केला नाही. तीन दिवसांनी परत आलो तर तिनं घर, ओसरी, गोठा, अंगण, एवढंच नव्हे तर बाहेरच्या रस्त्याचा तुकडासुद्धा सारवून ठेवला होता. तिचे तळहात फुटले होते. बाबा बंडीतून उतरले, तिनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि त्यांना ते हात दिसले.

एप्रिल संपता संपता एक दिवस जेवताना बाबा मायला म्हणाले, "सुटीत भामरागडले जाऊ. माझा शाळेतला सोबती तिथी जंगलखात्यात नाकेदार आहे. कवाचा बलावून राह्यला."

माय हसली. "लोक काशीले जातेत, तुमी जंगलात जाता?"

"त्याच्याशिवाय तिथी आपल्याले कोणी ओळखत नाई," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "चवघंही जाऊ."

मायनं त्यांच्या ताटात भात वाढला आणि विचारलं, "पैसे?"

"आहेत ना पेटीत."

चांगली धट्टीकट्टी माणसं पैसे मोडून जंगल पाहायला चालली, म्हणून गावात लोक हसले. माय चार दिवस फुगून होती. पण गूळ-पोहे, चटणी, लोणचं तिनं बांधलं. बाईला काही विचारलं नव्हतं. ती आपली निमूटपणे बंडीत येऊन बसली.

आष्टीला वैनगंगा लागते. मे महिन्यात पात्र सगळं वाळूचं, मधल्या धारेला तेवढं पाणी. तिथं डोंग्यातून उतरताना बाईचा पाय घसरला आणि ती छातीपर्यंत भिजली. दुसरं पांढरं लुगडं गाठोड्याच्या तळाशी होतं, ते सोडायला वेळ नव्हता. मायनं गाठोड्यात वरच असलेलं आपलं चौकडीचं हिरवट लुगडं काढून तिला दिलं. "आता नेस. वाळलं का बदलव." तेच नेसून ती पुढं आलापल्लीला आली.

त्या दिवशी आलापल्लीला बाजार होता. आम्हाला पुढं नेणारी बंडी बाजार उठल्यावर निघणार होती, म्हणून आम्ही एका झाडाखाली बसलो. त्याच झाडाखाली पलीकडं एक कासार बांगड्यांची माळ मांडून बसला होता. त्याचं लक्ष बाईकडं गेलं. बाबांना म्हणाला, "भाऊ, पोरीचे हात काऊन रिकामे आहेत?"

मायचा चेहरा उतरला. बाईनं हात पदराखाली घेतले. मी बाबांकडं पाहिलं.

"रस्त्यानं फुटल्या," बाबा म्हणाले. "भर तिले. हिरव्या भर."

"अहो," माय म्हणाली.

"भरू दे."

बाई उठेना. बाबांनी तिच्याकडं न पाहता म्हटलं, "जा, बस त्याच्या पुढं."

ती जाऊन बसली. कासारानं तिचा हात हातात घेतला, दाबला, आणि एक एक बांगडी चढवू लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "दुखते का माय? हात लई कडक आहे तुहा. काम करतं वाटते." ती नुसती मान हलवत राहिली. डझनभर काचेच्या बांगड्या. त्या सगळ्या प्रवासात सगळ्यांत कमी पैसे लागले असतील तर ते त्या बांगड्यांना.

पुढचे दोन दिवस आम्ही बंडीतून जंगलातून गेलो. एवढं सागवान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माय बाबांशी बोलत नव्हती. पण बाईनं लुगडं बदललं नाही आणि मायनं तिला बदल म्हटलं नाही.

भामरागडला तीन नद्या मिळतात. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद होतो, पण उन्हाळ्यात नद्यांचे खडक उघडे पडतात आणि मध्ये मध्ये निळे डोह राहतात. नाकेदारकाकांचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. काकू मोठ्या बोलघेवड्या. वर्षावर्षात कुणी मराठी बोलणारं बाईमाणूस दिसत नाही म्हणून आम्हाला पाहून त्यांना काय करू नि काय नको असं झालं. बाईचं लग्न झाल्याचं तेवढं त्यांना कळलं होतं, पुढचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मायला विचारलं, "जवाई नाई आले?"

माय भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्याईची नोकरी आहे. सुटी नाई भेटली."

मायला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाई तिथंच चुलीपाशी होती. तिनं मायकडं पाहिलं आणि माय तिच्याकडं न पाहता देठं मोडत राहिली.

तिथून पुढं बाई मोकळी झाली. ती सकाळी काकूंबरोबर नदीवर जायची ती दुपारी परतायची. तिथल्या माडिया आदिवासी बायका डोहात हातजाळ्यानं मासे धरायच्या, त्यांच्यात जाऊन उभी राहायची. त्यांची बोली हिला येत नव्हती, हिची त्यांना येत नव्हती. एकदा एका म्हातारीनं हिच्या हातात जाळं दिलं. हिनं ते टाकलं, तोल गेला आणि ती धपकन पाण्यात बसली. म्हातारी हसायला लागली आणि मग बाईही हसली. तोंडावर हात न ठेवता, मान मागं टाकून, खूप वेळ. लग्नाआधी ती अशी हसायची. माय काठावर धुणं धूत होती. ती उठून पाठमोरी झाली आणि धुतलेलंच लुगडं पुन्हा आपटू लागली.

आम्ही तेंदूची टेंभरं खाल्ली, चारोळीची चारं वेचली. संध्याकाळी बाई माझी वेणी घालायची आणि घालताना तिच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजायच्या. बाबा खडकावर बसून राहायचे. ते काही पाहायला म्हणून कुठं गेलेच नाहीत. नाकेदारकाका म्हणाले, वर चल, जनावरं दाखवतो. बाबा म्हणाले, "मी जे पाहाले आलो ते इथीच दिसून राह्यलं."

आठ दिवस झाले. निघायच्या दिवशी काकूंनी बाईला पाटावर बसवलं, तांदळानं आणि चारांनी ओटी भरली, आणि आम्हाला काही कळायच्या आत तिच्या कपाळावर कुंकू लावलं. "पुढच्या खेपेले जवायाले घेऊन या. अना कडेवर एखादं लेकरूही पाहिजे." बाई वाकली, त्यांच्या पाया पडली. मायनं अडवलं नाही.

परत आष्टीला आलो. धार ओलांडली की पलीकडं ओळखीचे लोक भेटायला लागतात. अलीकडच्या वाळूत मायनं बाईला पाण्याशी बसवलं. बाबा आधीच पुढं जाऊन डोंग्यापाशी उभे राहिले होते, आमच्याकडं पाठ करून. मायनं पदर ओला करून तिचं कपाळ पुसलं. मग गाठोड्यातून खोबरेल तेलाची बाटली काढली.

"फोड ना माय," बाई म्हणाली. "लवकर होईन."

"नाई. फोडत नाई मी. हात ढिला सोड."

तेल लावून लावून तिनं एक एक बांगडी उतरवली. दोन तरी फुटल्याच. बाकीच्या तिनं धारेत सोडल्या. बाई पांढरं लुगडं नेसून आली आणि आम्ही डोंग्यात बसलो. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, तिला कसलीच घाई नसल्यासारखी बसली होती.

माझं काय झालं ते आता सांगायला हवं. पावसाळा लागला, धानाचे रोवणे सुरू झाले. शेताच्या कडेला धुऱ्यावर आम्ही पोरी बसलो होतो. एक म्हणाली, आमच्या बाबानं नागपूर दाखवलं. दुसरी म्हणाली, आमी मार्कंड्याले पाच दिवस राह्यलो. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आमच्या बाबानं तं सायकलचे सगळे पैसे खर्च केले. आमी भामरागडले गेलतो. बाईनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, कुंकू लावलं होतं." त्यांची तोंडं पाहून मी आणखीच रंगवून सांगितलं. त्यांच्यातल्या एकीची मावशी बाईच्या सासरच्या गावात दिली होती.

पोळ्यानंतर बाईचे सासरे आले. बरोबर जातीतली दोन वडीलधारी माणसं. ओसरीत बसले, पाणी घेतलं नाही.

"मास्तर, आमच्या पोराले जाऊन वर्स नाई झालं आन् तुमी सुनेले बांगड्या भरून फिरवता?"

बाबा म्हणाले, "माझी पोरगी आहे."

"आमची सून आहे. आमी नेतो तिले. नेऊ देत नसाल तं तुमच्या घरचं पाणी बंद. मंग दुसऱ्या पोरीचं कसं करता ते पाहा."

दुसरी पोरगी म्हणजे मी. मी दाराआड उभी होते.

"पाणी बंद करा," बाबा म्हणाले. "ती इथीच राहीन."

तेवढ्यात बाई आतून आली. तिच्या हातात गाठोडं होतं. ते तिनं केव्हा बांधलं कोण जाणे. "जातो मी बाबा," ती म्हणाली. बाबा तिचं नाव घेऊन काहीतरी बोलू लागले तर ती म्हणाली, "तिचं लगन व्हाचं आहे."

जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बंडी गेल्यावर माय ओसरीत बसली आणि बाबांना म्हणाली, "आठ दिवसासाठी पोरगी घालवली तुमी." दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे चालत शाळेत गेले.

माझं लग्न चौदाव्या वर्षी ठरलं, चांगल्या घरी ठरलं. त्याआधीच्या श्रावणात मी बाबांबरोबर मूलकडं तिला भेटायला गेले. ती धानाच्या बांधीत रोवणा करत होती. वाळली होती, पायाला चिखल्या झाल्या होत्या. बाबा धुऱ्यावर सासऱ्यांशी बोलत उभे राहिले आणि मी चिखलात उतरून तिच्याजवळ गेले. चार वर्षं जे पोटात होतं ते सांगितलं.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगन? तिथी आपण चवघंच तं होतो." तिनं रोपांची पेंडी सोडली. "लहान होती तू."

मी विचारलं, बाबांनी नेलं ते बरं केलं का?

ती थोडा वेळ रोवत राहिली. मग म्हणाली, "पहिले दोन वर्स लई राग ये बाबाचा. वाटे, नसतं नेलं तं मी मेल्यावानी राह्यली असती सुखानं. तिथी जाऊन मले समजलं का मी अजून आहो."

"अना आता?"

"आता काई नाई. कंबर दुखते." आणि ती माझ्याकडं पाहून हसली, पण तोंडावर हात ठेवून, चिखलाचा हात.

त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. नद्यांना पूर होता, निरोप आमच्यापर्यंत यायला नऊ दिवस लागले. बाबा तरीही गेले. तिथं काहीच करायचं राहिलेलं नसताना गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. कुठं थांबलात, काय खाल्लं, मायनं विचारलं. ते म्हणाले, आठवत नाही.

पुढं मला मुलं झाली, त्यांना नोकऱ्या लागल्या. ती सुट्टीत लांब लांब जातात आणि परत आल्यावर खर्च वसूल झाला की नाही याचा वाद घालतात. मी ऐकत असते. बाबांनी तो खर्च करायला नको होता असं माझ्या तोंडून निघत नाही, आणि करायला हवा होता असंही निघत नाही.

बाबा गेल्यावर माय माझ्याकडं राहायला आली. बाईचा विषय तिनं वीस-बावीस वर्षं काढला नव्हता. एक दिवस दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. तिला वाटलं असावं की मी ऐकत नाही, किंवा मी आहे हेच ती विसरली असेल. म्हणाली, "नाकेदारीण किती म्हणे, अजून राहा, अजून राहा."

मी हात थांबवले नाहीत.

"घरी काय होतं आपलं?" माय म्हणाली. "काऊन वापस आलो व आपण?"