चेंबरचा बोल्ट

भगवंतनं बंद केलेली कुठलीही गोष्ट घरातल्या दुसऱ्या माणसाला उघडायची नाही. नळ, लोणच्याची बरणी, पाण्याची बाटली, काहीही असो. साखरबाईचा अर्धा संसार "अहो, हे जरा खोला" म्हणण्यात गेला. शेजारची हंसा म्हणायची, "काकी, तुमच्या घरात चोर शिरला ना, तर डबं खोलता खोलता दमून झोपल." भगवंत हसायचा, पण आवळायचा तसाच आवळायचा.

ही खोड काही जन्मापासूनची नव्हती. कवठे महांकाळकडून ऐन विशीत तो तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, तेव्हा चार माणसांसारखाच आवळत होता. मग एका पाळीला दोन पाइपांच्या सांध्यातून वायू सुटला आणि त्याचा जोडीदार वामन जागीच गेला. सांधा कुणीतरी ढिला ठेवला होता. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर खात्यातल्या सगळ्या फिटरांनी एक रीत धरली. बोल्ट आवळून झाला की पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवायचा आणि वरून आणखी एक हिसका द्यायचा. त्याला ते 'वामनचा आटा' म्हणत. साहेब लोक ओरडायचे, बोल्ट तुटतील म्हणायचे. ओरडेनात का! वामनला उचलून बाहेर आणणाऱ्यांत साहेब नव्हते.

भगवंत निवृत्त झाला तेव्हा पाने बोईसरच्या घरी आले आणि त्यांच्याबरोबर ती रीतही आली. आता सांभाळायला एकच यंत्र उरलं होतं, दारातली जुनी पांढरी गाडी. आणि ती गाडी म्हणजे साखरबाईचा जीव होता. बोलायचं म्हणून नव्हे, खरोखरच.

साखरबाईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पालघरला डायलिसिस. सुरुवातीला एकदा रिक्षानं आणताना उमरोळीजवळ रिक्षा खड्ड्यात आदळली, हातावरची सुईची जागा फुटली आणि लुगडं रक्तानं भिजलं. तेव्हापासून तिनं रिक्षाचं नाव टाकलं. एकदा तापामुळं डायलिसिसच्या लागोपाठ दोन खेपा चुकल्या, तर अंगभर सूज आली, छातीत पाणी चढलं, आणि भिंतीला टेकून ती दिवसभर श्वास शोधत राहिली. त्या दिवशी ती वाचली याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र तिनं हातच जोडले. "आता पुरं झालं. मला नका नेऊ." भगवंत रडला, चिडला, दोन दिवस जेवला नाही. शेवटी तिनंच तोड काढली. "ही गाडी चालतीय तवर येती मी. गाडी बंद पडली की मला ओढायचं न्हाई. घ्या माझ्या गळ्याची शपथ." भगवंतनं झटकन शपथ घेतली. मनातल्या मनात खूशसुद्धा झाला. गाडी बंद पडायला मी काय मेलोय? त्याच्या हातचं यंत्र उभ्या जन्मात बंद पडलं नव्हतं.

म्हणूनच गॅरेजवाल्याचा हात तो गाडीला लागू देत नसे. एका शुक्रवारी दुपारी तेल बदलायला म्हणून इंजिन थोडं गरम करून त्यानं जॅकनं गाडी उचलली, खाली ठोकळे दिले, चाकांना विटा लावल्या आणि पोत्यावर उताणा होऊन आत सरकला. इंजिनच्या पोटाशी तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाला एक बोल्ट. तो काढला की जुनं तेल खाली येतं. एरवी पोरखेळ.

बोल्ट हलेना.

त्यानं पाना नीट बसवून पुन्हा रेटला. काही नाही. मागच्या खेपेला त्यानंच तो आवळला होता, पाइप चढवून, वामनचा आटा देऊन. त्यात समुद्राकडचा खारा वारा आणि कारखान्यांची हवा. त्यानं डिझेलचे थेंब सोडले, हातोडीनं हलकेच ठोकलं, बिडी ओढून आला, पुन्हा रेटलं. मागच्या वर्षीच्या भगवंतनं आवळलेलं यंदाच्या भगवंतला सुटत नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला, आणि रागाच्या मागून भीती.

"मेहुलला बोलवा की," आतून साखरबाई म्हणाली. मेहुल म्हणजे नाक्यावरचा गॅरेजवाला.

"तू गप पडून राहा."

इथं थांबायला हवं होतं. चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. मऊ धातूत कडक बोल्ट अडकला की त्याला गोंजारून सोडवायचं असतं. पण भगवंतचा जन्म जाडजूड लोखंडी सांध्यांत गेलेला. तिथं न हलणाऱ्या गोष्टीवर एकच औषध होतं. त्यानं पाइप मागवलाही नाही, तो उशाशीच होता. पाइप चढवला, पाय चाकाला रोवले आणि दात खाऊन ओढलं.

करकर वाजलं. पाना फिरला.

"निघाला!" तो ओरडला. पाना आणखी फिरला, मग आणखी, आणि फिरतच राहिला. बोल्ट काही खाली येईना. डोक्याच्या आधी बोटांना कळलं. त्यानं नुसता ओढला तसा बोल्ट अलगद हातात आला, आणि त्याच्याभोवती चंदेरी तारेची वेटोळी होती. चेंबरच्या आतले, बोल्टला धरून ठेवणारे सगळे आटे खरवडून निघाले होते. काळं तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्यानं तेल धरायचा डबासुद्धा पुढं ओढला नाही.

मेहुल आला, खाली वाकून बॅटरी मारली. "काका, आटं पार गेलं. नवीन चेंबर टाकाय लागल. या जुन्या गाडीचं इथं नाय भेटत, वापीवरून मागवतो. बुधवार उजाडल."

"मला उद्या सकाळी पायजे रे."

"उद्या कसं हुईल? अशी चालू नका करू, इंजिन जाम हुईल." मग त्याच्या लक्षात आलं. "काकीला न्यायचं ना? माझी गाडी देतो. मी सोतः येतो."

भगवंत आत गेला. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण साखरबाईनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"बंद पडली?"

"बुधवारी हुतीय चालू. उद्या मेहुल त्याची गाडी..."

"ही न्हाई न्हवं चालत?"

त्यानं तेलकट हात सदऱ्याला पुसले.

"मग झालं. शपथ घेतलीया तुमी."

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. शाळा सुटल्यावर पोरांच्या आवाजात असतं ते होतं. भगवंतला ते सहन झालं नाही. तो खाटेशी मटकन बसला आणि तेलानं माखलेलं डोकं तिच्या पायांवर टेकवून मोठ्यानं रडला. "माझ्या हातनं झालं गं. मीच आवळलं, मीच मोडलं. तुला कशापायी शिक्षा?"

"शिक्षा कुठली?" ती म्हणाली. "तुमी केलंत तेवढं कुणी करत न्हाई. उगी आता. त्या मेहुलला जा म्हणावं, बाहीर उभा राहिलाय बिचारा."

त्यानं मेहुलला परत पाठवलं. येऊन पाहतो तर ती उशीला टेकून बसली होती.

"पाणी द्या मला. तांब्याभर."

किडनी नसलेल्या माणसाला जास्तीचं पाणी म्हणजे विष. दोन वर्षं ती घोट मोजून पीत आली होती. उन्हाळ्याच्या दुपारी बर्फाचा खडा जिभेवर धरून पडून राहायची आणि तोही विरघळू नये म्हणून तोंड मिटून घ्यायची.

भगवंतनं हात धुतले. तांब्या अर्धा भरून आणला. तिनं आत डोकावून पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

तो परत आत गेला आणि तांब्या काठोकाठ भरून घेऊन आला.