आवरताई

कुणाच्याही घरात शिरल्या की आवरताई आधी जमिनीवर फतकल मारून बसत. पदराने घाम टिपत, पाणी मागत आणि बराच वेळ कशालाही हात लावत नसत. लोकांची घरं आवरून देणं हा आमचा धंदा. त्यामुळे बोलावणाऱ्यांना वाटे, ही बाई आराम करायला आली की काय. ताई मला म्हणत, "घाई केली की माणसं दुखावतात. आधी त्यांना बोलू दे." त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. परळपासून गिरगावापर्यंत त्या आवरताईच, आणि मी त्यांची मदतनीस.

पसारा म्हणजे आळस, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच घरात मोडली. गिरगावातल्या एका बाईंच्या माळ्यावर वर्तमानपत्रांत गुंडाळलेली कोरी भांडी निघाली. आईने ह्याच लेकीच्या लग्नासाठी जमवलेली. लग्न झालंच नाही, आई गेली, लेक साठीला आली. एकेक कागद सोडवताना बाई आधी हसल्या, मग एकेक भांडं पदराने पुसू लागल्या. मी म्हटलं, "एखाद्या संस्थेला देऊन टाकू या ना." ताईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. त्यातले तीन पेले त्यांनी स्वतः विसळले. "आज ह्यातच चहा घेऊ." त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच आवरलं नाही.

घरचं माणूस समोर नसेल तर त्याचं कपाट उघडायचं नाही, हा ताईंचा हट्ट. तो त्यांनी एकदाच सोडला.

ठाण्याला राहणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. आई लालबागच्या चाळीत एकटी राहायची. आता इस्पितळात होती, शुद्ध नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. ताईंनी नाही म्हटलं, तेव्हा तो मोठा माणूस फोनवरच रडू लागला. "ती गेल्यावर मला त्या खोलीत पाऊल टाकवणार नाही हो. आत्ताच आवरा." ताईंना ते रडणं सोसलं नाही. आम्ही गेलो. लुगडी बोहारणीला दिली. पितळी डबे, पाटा-वरवंटा, सगळं भंगारवाल्याने नेलं. खोली लख्ख झाली.

आणि आजी बऱ्या झाल्या.

त्या घरी आल्या त्या दिवशी ताई मला घेऊन तिथे गेल्या. आजी मुलाच्या खांद्याला धरून उंबऱ्यात थबकल्या. "माझो पाटो खंय गेलो?" मुलाने मान खाली घातली. ताई पुढे झाल्या. "मी आवरलं, आजी."

आजींनी त्यांना नीट न्याहाळलं. "बरां आवरलंस गो," त्या म्हणाल्या. "पण मी अजून मराक नाय."

ताई भंगाराची दुकानं पालथी घालत पार रे रोडपर्यंत हिंडल्या. पाटा मिळाला नाही. नवा नेऊन दिला, तो आजींनी भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर वाटण कधी वाटलं नाही. ताई रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागल्या. आजी कधी वाकडं बोलल्या नाहीत. चहा टाकत, आणि साखरेसाठी त्यांचा हात सवयीने जुन्या फळीकडे जाई. तिथे काहीच नसे. "मी देते ना काढून," म्हणत ताई उठत. "रवांदे," आजी म्हणत, आणि बिनसाखरेचाच चहा पीत.

दिवाळीच्या तोंडावर आजी गेल्या. मुलाने पुन्हा ताईंनाच बोलावलं. दुसरं कुणी त्याला सुचलं नसावं. मी पिशव्या घेऊन पोहोचले, तर ताई दारातच उभ्या. आत दोरीवर मुलाने आणलेली दोन लुगडी, ओट्यावर एक पातेलं, भिंतीशी तो कोरा पाटा.

"चला ना, ताई."

"काय आवरायचं गं आता? आपण काही ठेवलंच नव्हतं."

त्या वळल्या आणि जिना उतरू लागल्या. मी लुगड्यांच्या घड्या करून मुलाच्या हातात दिल्या. त्याने त्या पोटाशी धरल्या. "ह्यांचं आता काय करतात हो?"

ताईंना हाक मारायला मी गॅलरीत धावले. खाली रस्त्यावर बाजाराची गर्दी होती, आणि त्या तीत दिसेनाशा झाल्या होत्या. पुन्हा कुणाच्या घरी कामाला त्या गेल्या नाहीत.