नवरीच्या नावाची जागा

कुंडलिकराव माझे शेजारी. भोरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान आणि त्याला चिकटून माझं घर, म्हणजे माझ्या कपाळी काय लिहिलं होतं ते समजा. लग्नसराई आली की हा माणूस दुकानाच्या पायरीवर कर्णे मांडून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करायचा आणि आमच्या मांडणीवरच्या कपबशा थरथरायच्या. मी तहसील कचेरीतून निवृत्त होईतो कर्णे जाऊन डीजे आले आणि कुंडलिकरावांच्या कानांनीही रजा घेतली. मोठ्यानं बोललेलं त्यांना समजतं, पण बारीक सूर, गाण्यातला 'स', हे आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. "ज्या कर्ण्यांवर पोट भरलंत त्यांनीच कान खाल्ले," असं मी एकदा चिडून म्हणाले. ते नुसते हसले. मला नंतर फार वाईट वाटलं.

एके काळी भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात त्यांच्या एका रेकॉर्डशिवाय हळद लागत नसे. ती मार्गासनीच्या फुलाबाईची. तिचा आवाज ऐकून पुण्याच्या कुणा कंपनीवाल्यानं तिला बोलावलं आणि तिच्या हळदीच्या गाण्याची रेकॉर्ड काढली. तान्ही लेक काखेत घेऊन ती गाडीत बसली होती म्हणतात. पुढच्या लग्नसराईच्या आत फुलाबाई तापानं गेली. रेकॉर्ड तेवढी मागे राहिली.

आता हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं. फुलाबाईनंही रेकॉर्डवर कुणाचं तरी घेतलंच होतं. मग कुंडलिकरावांनी युक्ती काढली होती. नावाची जागा आली की ते आवाजाचं बटण खाली करत, मांडवातल्या बाया पाटावर बसलेल्या नवरीचं नाव एका सुरात घेत, आणि बटण पुन्हा वर. "लोकाच्या मांडवात भलतीच नवरी कशी वाजवायची?" असं ते म्हणत. सगळ्या खोऱ्याला ती रीतच वाटू लागली.

दुसरी युक्ती नाण्याची. बाया नाचायला लागल्या की प्लेयरखालच्या फळ्या हलायच्या आणि सुई उडायची. म्हणून सुईच्या दांडीवर एक नाणं चिकटवलेलं असायचं. त्या वजनाखाली बोथट सुईनं रेकॉर्ड वर्षानुवर्षं घासली आणि काळी कुळकुळीत तबकडी राखाडी झाली. शेवटी शेवटी तिच्यातून नुसती खरखर येई.

यंदा तुळशीचं लग्न झालं आणि नसरापूरहून धोंडाबाई आली. फुलाबाईची तीच ती लेक. आई गेल्यावर मावशीनं तिला घाट उतरून महाडला नेलं. लग्न होऊन ती इकडे परत येईतो कॅसेटी आल्या होत्या, त्यामुळे आईचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. आणि आईवर तिचा रागही होता. फुलाबाईची आधीची दोन मुलं दगावली, म्हणून ही तरी जगावी, हिच्यावर कुणाची नजर पडू नये, यासाठी धोंडा नाव ठेवलेलं. पण शाळेत पोरांनी त्या नावावरून तिला रडवलं होतं.

"सगळ्यांच्या आया पोरीला सोनी म्हणत्यात, माजीनं मला दगुड म्हनलं," ती म्हणाली. "पर माजी प्रेरणा ऐकंना, मामा. लगीन ठरलंय तिचं. तिला हळदीला आजीचा आवाज पायजे. आता मलाबी वाटाय लागलंय, एकदा ऐकावा."

प्रेरणानं मोबाईलवरून नवं कार्ट्रिज मागवलं होतं. कार्ट्रिज म्हणजे दांडीच्या टोकाची नखाएवढी डबी, तिच्यात सुई. ही सुई इतकी बारीक की जुनीनं जिथं घासलं त्याच्याही खाली, तबकडीवरच्या रेघेच्या कोऱ्या भागाला टेकणार. मात्र ती जराशी जरी तिरकी बसली तर उरलंसुरलंही जाणार होतं.

कुंडलिकरावांनी मला हाक मारली. "ताई, हात माजं, कान तुमचं." आयुष्यभर ज्यांच्या आवाजाला शिव्या घातल्या त्यांचे कान व्हायला मी गेले.

आधी त्यांनी रेघा आखलेला कागद तबकडीच्या जागी ठेवला. डबीची कड रेघेला समांतर येईपर्यंत ते बारीकसे स्क्रू ढिले करत होते, पुन्हा आवळत होते. मग सुईखाली दाढीचा आरसा धरला. डबी आणि तिचं प्रतिबिंब एका ओळीत हवं, नाहीतर सुई तबकडीच्या रेघेच्या एकाच भिंतीला खाते. नाण्याची आठवण त्यांना सोडत नव्हती, म्हणून सुईवरचं वजन त्यांनी अगदीच हलकं ठेवलं.

दुसरीच एक जुनी रेकॉर्ड लावून पाहिली. "फाटतोय आवाज," मी म्हणाले.

"जपाय गेलो तर हलकी झाली. अशी सुई रेघेत आदळत जाती." त्यांनी सुई छोट्या वजनकाट्यावर टेकवून तिचं वजन जरासं वाढवलं. आवाज सुधारला. आणखी जरा वाढवलं आणि 'स' अगदी स्वच्छ आला. मी मान हलवली.

मग फुलाबाईची रेकॉर्ड. खरखर होतीच, पण तिच्या मागून एक भरदार बाईचा आवाज आला. धोंडाबाईनं पदर तोंडाशी धरला. "ही व्हय?" ती म्हणाली. कुंडलिकराव फिरत्या तबकडीकडे एकटक पाहत होते. गाणं नावाच्या जागेशी आलं आणि त्यांचा उजवा हात उठला. त्यानं बटण खाली केलं.

आवाज बंद झाला.

"गेलं का हो तिथलं?" धोंडाबाईचा चेहरा उतरला. "झिजलं?"

"न्हाई, पोरी." कुंडलिकराव आपल्या हाताकडे पाहत होते. "हे म्या केलं. लई वरसाची खोड."

त्यांनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

आणि ती जागा आली. "नवरी माझी धोंडा गं, हळदीनं पिवळी झाली."

काखेतल्या तान्ह्या पोरीला तिच्या आईनं नवरी केलं होतं. आधीची दोन गेल्यावरही ही जगेल, मोठी होईल, पाटावर बसेल, हे तिनं गाऊन ठेवलं होतं. आणि साऱ्या खोऱ्यानं ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

रेकॉर्ड आणली तेव्हा एकदा ऐकलेलं ते नाव कुंडलिकराव केव्हाच विसरले होते, आणि आता त्यांना ते नीट उमगलं नव्हतं. "ताई, कुणाचं नाव घेतलं तिनं?" धोंडाबाईनं त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "माजं, मामा. माजं नाव हाय."

त्यांनी सुई उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आन् म्या ते दर मांडवात दाबलं."

नसरापूरला हळदीच्या दिवशी कुंडलिकराव कर्णे घेऊन आले, हात मांड्यांखाली घालून प्लेयरपाशी बसले. नावाची जागा जवळ येताच म्हाताऱ्या बायांनी रीतीप्रमाणे प्रेरणाचं नाव घ्यायला श्वास घेतला. पाटावरून प्रेरणानं हळदीचा हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या.

कुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. "वाजलं का, ताई?"

"वाजलं," मी म्हणाले.