चांदीच्या गावातलं उष्टावण

शास्त्रात काय सांगितलंय हे खुद्द शास्त्रही माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंना विचारून घेत असावं. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याहून कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आल्या आणि आठवडाभरात अख्ख्या अपार्टमेंटचा कारभार त्यांच्या हाती गेला. मुलाने नवी गाडी घेतली तेव्हा त्यांनी पार्किंग लॉटमध्येच नारळ फोडला. आवाज ऐकून मॅनेजर धावत आला, तर त्याच्या हातावर खोबरं ठेवून त्या म्हणाल्या, "टेक प्रसाद." त्याने मुकाट्याने घेतला. मावशींना नाही म्हणायची कुणाची टाप होती!

असं सगळं यथासांग करणारी बाई नातीच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा मात्र पुण्याला देवघरातच विसरून आली होती, आणि हे त्यांना फार लागलं होतं. नातीला पाचवा महिना चालू, शनिवारी परतीचं विमान. जायच्या आधी पोरीने पहिला घास खावा, आणि तोही चांदीच्या चमच्याने, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं. सून म्हणाली, डॉक्टरांनी थोडं थांबायला सांगितलंय. "डॉक्टरांना शनिवारी जायचं नाहीये," मावशी म्हणाल्या. शेजारच्या नेव्हाडा राज्यात चांदीच्या खाणींचं एक जुनं गाव आहे, असं मी सहज बोलून गेलो आणि फसलो. खाणीच्या गावात चांदीची भांडी ढिगाने मिळणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पहाटे मी, मैत्रीण, कार सीटमध्ये बाळ आणि थर्मासमध्ये तांदळाची पातळ खीर घेतलेल्या मावशी अशी वरात निघाली. मैत्रिणीचा भाऊ नागपूरला, त्यामुळे घास भरवणारा मामा म्हणून माझी नेमणूक गाडीतच झाली.

गाव मोठं झकास होतं. लाकडी फुटपाथ, जुने दारूचे गुत्ते, फज नावाच्या मिठाईची दुकानं, काउबॉय हॅट घातलेले टुरिस्ट. फक्त चांदी तेवढी कधीच संपली होती. दुकानादुकानांतून मावशी चमचा उचलायच्या, पदराला घासून बघायच्या आणि "जर्मन सिल्व्हर आहे" म्हणून परत ठेवायच्या. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून खऱ्या चांदीचा इवलासा चमचा काढला. त्याच्या दांड्यावर एक गाढव होतं. मैत्रीण खुसुखुसु हसायला लागली. दुकानदार सांगायला लागला, इथली पहिली चांदी म्हणे एका गाढवानेच खुराने उकरून काढली. मी ते घाबरत घाबरत मराठीत सांगितलं. मावशींनी जरा विचार केला.

"लक्ष्मी दाखवली म्हणतोस? मग आधी त्याला नमस्कार कर."

भर दुकानात मी गाढवाला नमस्कार केला.

बाहेरच्या बाकावर मैत्रिणीने पोरीला मांडीवर घेतलं, मावशींनी कुंकू लावलं, मी चमचा पुढे केला. पोरीने ओठ घट्ट मिटले. पुन्हा केला, तर मानच फिरवली. मावशींचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, तुम्ही भरवा. पहिला घास मामाचा, म्हणून त्या कचरल्या. मग "राहू दे शास्त्र" म्हणत त्यांनी चमचा घेतला. पोरीने आ केला, खीर मटकावली आणि आणखी हवी म्हणून चमच्यालाच धरून बसली. आम्ही टाळ्या वाजवल्या, काय चाललंय ते न कळता टुरिस्टांनीही वाजवल्या.

परतीच्या वाटेवर मावशी नातीशेजारी मागे बसल्या होत्या. झोपलेल्या नातीच्या ओठांवरची वाळलेली खीर पदराने पुसत त्या म्हणाल्या, "हिला यातलं काही आठवायचं नाही रे. पण मला पुरेल."