ताईची खाऱ्या पाण्याची टाकी

आमच्या ताईने एकदा गॅसवर दूध जाळलं, तर तिच्या मुलाने तिचं घरच विकायला काढलं. दूध माझंही जळतं. पण मला मूलबाळ नाही, त्यामुळे मला कुणी हलवत नाही. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, आई विसरायला लागलीय. तिला मी माझ्याकडे नेतो. तू जरा समजाव तिला." म्हटलं, बाबा रे, दगडाला पाझर फुटेल एक वेळ, पण तुझी आई ऐकायची नाही.

ताई म्हणजे जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेली बाई. आधी माप, मग कात्री. त्याच सुमारास दाताच्या डॉक्टरकडे तिने खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली. आत प्रवाळ आणि नारिंगी मासे. दाढ काढून झाली तरी ही गालात कापसाचा बोळा धरून तिथेच बसलेली. घरी आली ती टाकी घ्यायचं ठरवूनच. मी म्हटलं, घर विकायला निघालंय आणि हिला डोहाळे लागलेत समुद्राचे.

शिवणाच्या खडूने तिने फरशीवर टाकीचा चौकोन आखला. आठवडाभर त्याला वळसा घालून चालली, गुडघा कुठे आपटतो ते बघायला. जागा खिडकीपासून लांब, कारण उन्हाने शेवाळ माजतं. मग लोखंडी स्टँड आला, काच आली, पाणी फिरवायचा पंप, हीटर, निळा दिवा आला. शुद्ध केलेल्या पाण्यात खास टाकीचं मीठ कालवून झालं. आत सच्छिद्र दगड रचले. आणि मासे? मासे नाहीतच. दगडांत आधी चांगले जंतू वाढू द्यावे लागतात, मगच जीव सोडायचा. कितीतरी दिवस ती नुसते दगड बघत होती. शेजारीण विचारायची, "मासे दिसत नाहीत ते?" ताई म्हणायची, "घाई असेल तर बाजारात जा, कापूनसुद्धा देतात."

शेवटी प्रवाळाचे तुकडे आले, माशांची एक जोडी आली. पाठोपाठ भाचाही आला, सामान बांधायला घडीची खोकी घेऊन. नेमकं तेव्हाच ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नंतरचे काही दिवस ती माझ्याकडे राहणार होती. तिने काचेवर पाण्याच्या पातळीशी लाल धागा चिकटवला, शेजारी पाण्याचे कॅन भरून ठेवले आणि मुलाला बजावलं, "रोज धाग्यापर्यंत यातलं पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

परत आलो तर प्रवाळ मिटून गेलेलं, मासे कोपऱ्यात धापा टाकतायत. भाचा म्हणाला, "बघितलंस आई? नाही झेपत तुला आता."

टाकीतला थेंब ताईने खारटपणा मोजायच्या नळीच्या काचेवर घेतला आणि डोळ्याला लावून बघायला नळी माझ्या हातात दिली. तिला अजून नीट दिसत नव्हतं. काटा... काटा कसला, रेघ होती ती, पार वर गेलेली.

"कॅनमध्ये काय घातलंस?" तिने विचारलं.

तो चाचरला. "मी चव बघितली. अळणी लागलं. म्हटलं, तू मीठ घालायला विसरलीस."

"पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून गोडंच घालायचं. मी विसरले नव्हते. फोन करून विचारायचंस की मला."

"मला वाटलं..."

"तेच. तुला वाटलं. गेले कित्येक महिने तुला नुसतं वाटतंयच."

इतका राग तिच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली होती. म्हणून तिने मुलालाच स्टुलावर बसवलं आणि हातात मग दिला. एक मग खारं काढायचं, थोडं थांबायचं, एक मग गोडं घालायचं. एकदम केलं तर मासे मरतात. दिवसभर तो काढत आणि घालत होता, ही खुर्चीतून हुकूम सोडत होती. संध्याकाळी मासे पुन्हा फिरायला लागले.

भाचा हात पुसत म्हणाला, "आई, समज, माझ्या घरी नेली ही टाकी, तर?"

"भरलेली टाकी हलवता येत नाही."

"दुकानदार सांगेल काहीतरी उपाय."

"त्याला मी पहिला प्रश्न तोच विचारला होता. तो नाही म्हणाला, तेव्हाच घेतली."