पेढ्यांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

सोमवार, १४ मार्च २००५. शिकागोजवळचं शॉमबर्ग, आमच्या ऑफिसातली छोटी मीटिंग रूम, सकाळी साडेनऊ. हजर: बॉस ग्रेग, प्रोग्रामर प्रशांत आणि क्वालिटी चेक बघणारी मी. गैरहजर: डोरिस. तिला बोलावलंच नव्हतं, कारण विषय तीच होती.

"लायब्ररीने वीस नोंदी तपासल्या," ग्रेग म्हणाला. "नऊ ठिकाणी भलतंच पान उघडतं. कार्डं डोरिसने केली होती. शुक्रवारी तिला शेवटचा दिवस सांगतो."

आमची कंपनी जुनी सरकारी छापील कागदपत्रं स्कॅन करून लायब्रऱ्यांना देते. त्या वर्षी अमेरिकन संसदेचं, म्हणजे काँग्रेसचं, १९४६ सालचं कामकाज हातात होतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. घरी परतलेले सैनिक, घरांची टंचाई, भाववाढ, सगळ्यावर सभागृहात भाषणं. डोरिस विषयसूची वाचून प्रत्येक विषयाचं एक कार्ड करायची: विषय आणि पान. कार्डं स्कॅन करून घातली की त्यांवरून कॉम्प्युटर ते पान उघडायचा.

डोरिस बासष्ट वर्षांची. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं आणि दोघांचा विमा तिच्या नोकरीवर होता. हे ग्रेगलाही माहीत होतं.

"दोन दिवस दे," मी म्हणाले. "कारण शोधते."

"बुधवारपर्यंत," ग्रेग म्हणाला.

जागेवर येऊन मी तपासायच्या नोंदींची यादी केली. पहिली नोंद मुद्दाम ओळखीची घेतली. १९४६ साली झालेल्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना पहिल्यांदा नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. वर्षाला शंभरच जणांना यायची परवानगी, पण दार उघडलं. माझा स्वतःचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा नुकताच गेला होता. प्रशांतने नोंदीवर क्लिक केलं.

"सुलभाताई, आपल्या नागरिकत्वाच्या पानावर मटणाचे भाव आलेत."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. बीफ, पोर्क, सगळ्यांचे कंट्रोल रेट. नागपूरला घरी फोन करून सांगू का, की इकडे येऊ नका म्हणून?"

हसू आलं, पण कळेना. डोरिसचं कार्ड काढून छापील सूचीशी ताडलं. आकडा तंतोतंत बरोबर. मग मी सूचीचं मुखपृष्ठ पाहिलं. ती पंधरवड्याची सूची होती.

इथे थोडं सांगायला हवं. काँग्रेसचं कामकाज दोनदा छापतात. एक रोजचा अंक, दुसऱ्या दिवशी सकाळी सभासदांच्या टेबलावर. नंतर सभासदांच्या दुरुस्त्या घेऊन पक्क्या बांधणीचे खंड. दोन्हींची पानं वेगळी पडतात. आम्ही स्कॅन केले होते बांधलेले खंड. पण त्यांच्या सूचीचा काही भाग लायब्ररीकडे नव्हता, म्हणून तेवढ्यापुरती पंधरवड्याची सूची वापरली. तिच्यातले आकडे रोजच्या अंकाचे.

मी डोरिसच्या टेबलाशी गेले. "पानं दोन तऱ्हेची आहेत, तुला माहीत होतं?"

"अर्थात. म्हणून तर कार्डांना पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या, हनी. प्रत्येक चिठ्ठीवर कार्डाचा नंबर आणि खंडातलं खरं पान."

"कार्डावरच का नाही लिहिलं?"

तिने ड्रॉवरमधून माझीच चेकलिस्ट काढून समोर ठेवली. ओळ चार: कार्डावर छापील सूचीतलाच आकडा, स्वतःचं काही लिहू नये. खाली ओळ सात: स्कॅनरमध्ये अडकतात म्हणून पिना, क्लिपा, चिठ्ठ्या काढून टाकाव्यात.

चिठ्ठ्या मीच काढल्या होत्या. एका शनिवारी, एकटीने, चांगलं काम केल्याच्या समाधानात.

"चिठ्ठ्या गेलेल्या दिसल्या तेव्हा तू मला काहीच बोलली नाहीस?"

"तू इतकी व्यवस्थित आहेस. मला वाटलं, आकडे उतरवून घेतले असशील."

सुदैवाने माझ्याच्याने लिहिलेला कागद फेकवत नाही. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेल्या पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात सगळ्या चिठ्ठ्या भरून कपाटावर ठेवल्या होत्या. डबा उतरवला. तुपाचे डाग पडले होते, पण आकडे वाचता येत होते.

बुधवारची वाट न बघता डबा घेऊन ग्रेगकडे गेले.

"चूक डोरिसची नाही, माझी आहे. ओळ चार आणि ओळ सात."

त्याने डबा उघडून वास घेतला. "तुझ्या लिस्टमध्ये चूक? हे मी फ्रेम करून लावणार आहे."

"लाव. पण शुक्रवारचं?"

"कुठला शुक्रवार?" म्हणाला आणि लायब्ररीला फोन लावून मुदत मागितली.

पुढचे चार शनिवार आम्ही तिघं बसलो. डोरिस चिठ्ठी वाचायची, मी कार्ड काढायची, प्रशांत आकडा बदलायचा. नागरिकत्वाचं पान बरोबर उघडलं तेव्हा डोरिसने ते छापून माझ्या टेबलावर ठेवलं. काम बारा दिवस उशिरा गेलं. लायब्ररीने पुन्हा वीस नोंदी तपासल्या, वीसही बरोबर निघाल्या. डोरिसने पासष्टी गाठली, सरकारी विमा सुरू झाला आणि मगच ती निवृत्त झाली. तिने चिठ्ठ्या लावल्या नसत्या, तर तिची नोकरी आणि माझी अब्रू, दोन्ही गेल्या असत्या.

आता नवी चेकलिस्ट केली की आधी काम करणाऱ्याला वाचायला देते. माझ्या यादीची पहिली ओळ आता हीच सूचना आहे.

अकरा चिठ्ठ्यांवर मात्र कार्डाचा नंबर लिहायचा राहिला होता. डोरिस म्हणाली, निवांत आठवून सांगते, आणि ते राहूनच गेलं. त्या अजून डब्यात आहेत. कोणत्या कार्डाच्या, ते डोरिसच सांगू शकेल. 'डोरिसला जेवायला बोलावणे, अकरा चिठ्ठ्या' ही ओळ मी दर महिन्याला नव्या यादीत उतरवते. तिच्यापुढे टिक अजून पडलेली नाही.